संगणकाचें पाणी

यंत्र घरांत आलें म्हणजे तें केवळ आपलें काम घेऊन येत नाहीं. आपली भूक, आपली उष्णता आणि आपला आवाज हींहि बरोबर आणतें. आमच्या घरानें पिठाची चक्की पचविली, शिवणयंत्र पचविलें, विहिरीवरचा पंप पचविला, आणि उन्हाळ्यांतला कूलर तर असा पचविला कीं, पावसाळा लागून तो बंद झाला म्हणजे दोन दिवस कोणाला चैन पडत नाहीं. या सर्व यंत्रांचा एक गुण आहे. माणसें जागीं असतांना तीं काम करितात, किंवा ज्यास झोंपावयाचें आहे त्याच्या सोयीसाठीं काम करितात. ज्या संगणकाविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्याचें तसें नव्हतें. तो दिवसां स्वस्थ असे आणि घर निजलें म्हणजे गरजूं लागे.

आमचें घर नागपुरांत, महालांतल्या एका जुन्या गल्लींत आहे. भिंती मातीच्या व हातभर जाड आहेत. परंतु माजघर आणि त्याच्या पलीकडची खोली यांच्यामध्यें भिंत नसून सागवानी फळ्यांचें आडोसेवजा तावदान आहे. माजघरांत आमच्या वहिनी निजतात. पलीकडच्या खोलींत त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, आपलें काम करितो. तें काम आम्हांस प्रथम नीट उमजलें नव्हतें. जीं घरें अद्यापि बांधलेलीं नाहींत, त्यांचीं चित्रें तो तयार करितो. वास्तुरचनाकार नकाशे पाठवितात. हा त्यांवरून भिंती उभ्या करितो, खिडक्यांतून ऊन पाडतो, फरशीवर सांवली टाकतो. आणि मग तें ऊन कोठून परावर्तन पावून कोठें पडेल याचा हिशेब संगणक करितो. एकेका चित्राला घटका दोन घटका लागतात, आणि घराच्या आंतून फिरून दाखविणारें चलच्चित्र असेल तर दोन दोन रात्री यंत्र थांबत नाहीं. या हिशेबाचा भार मुख्यतः ग्राफिक्स कार्ड नांवाच्या पट्टिकेवर पडतो. ती तापते, तिचे पंखे वेगानें फिरूं लागतात, आणि मध्यरात्रीं फळ्यांच्या पलीकडे जणूं कोणी धान्य पाखडीत बसलें आहे असा आवाज येतो.

गेल्या वर्षीं वहिनींना अर्धांगवायूचा हलका झटका आला. त्यांतून त्या सांवरल्या. परंतु वैद्यांनीं बजावून सांगितलें कीं, औषधाइतकीच झोंप महत्त्वाची आहे. झोंपेच्या गोळ्या त्यांस मानवत नाहींत. वहिनी कधीं तक्रार करणाऱ्यांपैकीं नव्हेत. "त्याचें काम आहे तें," एवढेंच त्या म्हणत. परंतु सकाळीं त्यांचे डोळे पाहिले म्हणजे रात्र कशी गेली हें निराळें विचारावें लागत नसे. माजघर सोडून दुसरीकडे निजा म्हणावें, तर जिना चढणें त्यांस वर्ज्य, आणि ओटीवर रहदारीचा गलबला. यंत्र वरच्या मजल्यावर न्यावें, तर तेथें पत्र्याखालीं वैशाखांत माणूससुद्धां टिकत नाहीं, मग यंत्र कसचें टिकतें?

अशा स्थितींत पुतण्यानें शहराच्या दुसऱ्या टोंकाला एक खोली पाहून ठेविली. प्रथम तो म्हणाला कीं, रात्रीचें काम तेवढें तेथें करीन. पण रात्रभर काम करणारा मनुष्य जेवणार कोठें, निजणार कोठें, आणि त्याची बायको मुलाला घेऊन इकडे एकटी किती दिवस राहणार? एकत्र कुटुंबांत "खोली" हा शब्द निघाला म्हणजे त्याच्या पाठोपाठ "बिऱ्हाड" हा शब्द येतो, आणि तो कोणी उच्चारला नाहीं तरी सर्वांना ऐकूं येतो. सूनबाई गप्प झाल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या झोंपेपायीं घर फुटायला नको. मी कानांत कापूस घालीन." कापूस घालूनहि पाहिला. फळ्यांचा आवाज कानांपेक्षां उशीतून अधिक येतो, असा त्यांचा अनुभव.

तेव्हां पुतण्यानें दुसरा उपाय काढला. तो म्हणाला, "काका, पंखे काढून टाकतों. आंत पाणी खेळवतों."

विजेवर चालणाऱ्या, लाखावर किंमतीच्या यंत्राच्या पोटांत पाणी सोडावयाचें, ही कल्पना ऐकून घरांतील प्रत्येकाला कांहींना कांहीं सुचलें. सूनबाईंना त्यांच्या माहेरीं पावसाचें पाणी शिरून बंद पडलेला दूरदर्शनसंच आठवला. आम्हांस कोश आठवला. संस्कृत कोशांत पाण्याला 'जीवन' असें नांव आहे, आणि 'विष' असेंहि आहे. दोन्हीं नांवें एकाच पदार्थाला कां दिलीं असावींत, याचा उलगडा शिकवितांना आम्ही नदीचा पूर व तहान यांच्या दृष्टांतानें करीत असूं; हा नवा दृष्टांत त्यांहून चोख होता.

परंतु आम्हीं विचार करूं लागल्यावर पुतण्याच्या बोलण्यांतील तथ्य ध्यानांत आलें. वाचकांच्या सोयीसाठीं तें थोडें विस्तारानें सांगतों. ग्राफिक्स कार्ड काम करतांना सुमारें ३५० वॅट वीज घेतें, आणि प्रोसेसर म्हणजे गणकाचा मुख्य मेंदू सुमारें १४० वॅट. ही वीज जाते कोठें? चित्र तयार होतें हें खरें, पण चित्रांत वीज सांठून राहत नाहीं. ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे खोलींत पांचशें वॅटांची शेगडी पेटविल्यासारखेंच झालें. आणि ही उष्णता उत्पन्न होते ती जागा टपालाच्या तिकिटाएवढी! घरांतली इस्त्री हजार वॅटांची असली तरी तिचा तळ दीड-दोनशें चौरस सेंटिमीटरांचा असतो. तिकिटाएवढ्या या तुकड्यांतून दर चौरस सेंटिमीटरामागें इस्त्रीच्या आठ-दहापट उष्णता निघते. ती वेळींच उचलून नेली नाहीं तर यंत्र स्वसंरक्षणासाठीं आपली गति मंद करितें, आणि तरीहि भागलें नाहीं तर बंद पडतें.

आतां ही उष्णता हवेनें न्यावयाची म्हटली तर हवा फार लागते. एक लिटर हवा एक अंशानें तापविण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारें साडेतीन हजारपट उष्णता एक लिटर पाणी तितकेंच तापविण्यास लागते. पांचशें वॅट उष्णता हवेनें वाहावयाची आणि हवेचें तपमान दहा अंशांहून अधिक वाढूं द्यावयाचें नाहीं, असें ठरविलें तर दर सेकंदास चाळीस लिटरांहून अधिक हवा खेळली पाहिजे. तेंच काम मिनिटाला तीन लिटर पाणी करील आणि स्वतः अडीच अंशसुद्धां तापणार नाहीं. हा हिशेब आम्हीं पाटीवर मांडून घरांतील मुलांस करून दाखविला.

अर्थात् पाणी उष्णता गिळून टाकीत नाहीं. तें ती केवळ वाहून नेतें. शेवटीं ती हवेलाच द्यावी लागते. मग पंखे गेले कोठें? येथें आवाजाचा नियम कामास येतो. पंख्याची गति निम्मी केली तर वारा निम्मा होतो, पण आवाजाची शक्ति सुमारें बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. तेव्हां तीन लहान पंखे जिवाच्या आकांतानें फिरविण्यापेक्षां सहा मोठे पंखे आळसानें फिरवावे, हें शहाणपणाचें. परंतु कार्डाच्या पाठीवर सहा मोठे पंखे मावत नाहींत. पाण्याचा उपयोग हाच कीं, उष्णता जेथें उपजते तेथून उचलून जेथें जागा आहे तेथें नेतां येते. तेथें रेडिएटर बसवावयाचा: चपट्या नळ्या आणि त्यांमध्यें पातळ पत्र्याच्या घड्या, मोटारींत असतो तसा. नांव रेडिएटर असलें तरी त्यांतून प्रारणानें फारच थोडी उष्णता जाते. जवळजवळ सर्व काम वाहत्या हवेचें आहे. नांव ठेवणाऱ्यांनीं वस्तूची परीक्षा करण्यापूर्वींच बारसें उरकलें असावें.

ही युक्ति कांहीं नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीनें १९८० सालीं पुढें आणलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकांत पाणी खेळविलेलें होतें. १९८५ सालचा क्रे-२ हा महासंगणक तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवांत सबंध बुडवून ठेवीत. घरगुती संगणकांत हा प्रकार गेल्या शतकाच्या अखेरीस हौशी तरुणांनीं आणला. १९९८ सालीं निघालेला ३०० मेगाहर्ट्‌झ गतीचा सेलेरॉन नांवाचा स्वस्त प्रोसेसर ४५० पर्यंत पळवितां येतो असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि पळवावयाचें म्हणजे निववावयाचें. तेव्हां तयार साहित्य बाजारांत क्वचितच मिळे. मोडक्या मोटारींतील हवा गरम करण्याचा लहान रेडिएटर, माशांच्या कांचपात्रांतील पंप आणि हातानें कोरलेला तांब्याचा ठोकळा यांवर त्यांनीं काम भागविलें. संगणकाच्या बदामी पेट्या करवतीनें कापून त्यांस खिडक्या पाडल्या. आज पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं उभारलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकांतहि उष्णता द्रवानेंच वाहून नेतात. नांव ऐकून आम्ही प्रथम हंसलों. परंतु जें स्वतः निश्चल राहून अवघा व्यवहार चालवितें त्याला हें नांव अगदींच विजोड आहे असें म्हणवत नाहीं.

असो. साहित्य मागविण्यापूर्वीं पेटी कापणें प्राप्त होतें. पुतण्याची पेटी लोखंडी पत्र्याची, मनोऱ्यासारखी उभी. तिच्या पुढील बाजूस ३६० मिलिमीटरांचा म्हणजे १२० मिलिमीटरांचे तीन पंखे बसतील असा एक रेडिएटर राहत होता. दुसरा माथ्यावर बसवावयाचा, पण माथ्याला बारीक भोंकांची एक चतकोर जाळी तेवढी होती. तेव्हां तेथें सबंध आयताकृति खिडक पाडावी लागणार. पुतण्यानें विजेवरची करवत विकत घेण्याचा विचार चालविला होता. आम्हीं म्हटलें, "ज्या गांवांत दर उन्हाळ्याला घरोघर पत्र्याचे कूलर लागतात, त्या गांवांत पत्रा कापावयास कोणी मिळणार नाहीं काय?"

इतवारींत आमचा एक जुना विद्यार्थी कूलरच्या पेट्या तयार करितो. मार्गशीर्षांत त्याला काम बेताचें असतें. शाळेंत भूमितीच्या तासाला तो नेहमीं खिडकीबाहेर पाहत असे. त्यानें पेटी बोटानें वाजवून पाहिली आणि म्हणाला, "पत्रा लय पातळ आहे जी गुरुजी. आमच्या कूलरला असा पत्रा लावला तर गिऱ्हाईक परत आणून देईल." मग त्यानें पुतण्याकडून आंतील सर्व अवयव काढून घेतले, एक स्क्रूसुद्धां आंत राहूं दिला नाहीं. लोखंडाचा केसाएवढा कीस जरी मुख्य पट्टिकेवर पडला तरी दोन तारा जोडल्या जाऊन यंत्राचा निकाल लागतो, हें पुतण्यानें त्याला सांगण्यापूर्वींच तो जाणत होता. कूलरच्या मोटारी त्यानें अशाच जळलेल्या पाहिल्या होत्या.

माथ्यावर त्यानें कागदी चिकटपट्टी लाविली, तिच्यावर टोंकदार शिसपेन्सिलीनें आयत काढला, आणि आम्ही पाहत असतांना दोरा घेऊन दोन्हीं कर्ण मोजले. एक कर्ण दुसऱ्याहून दोन मिलिमीटरांनीं मोठा भरला. त्यानें रेघ पुसली, नवी काढली, पुन्हां मोजले. आतां कर्ण समान आले. तीस वर्षें आम्हीं फळ्यावर जो सिद्धांत लिहिला तो त्याच्या दोऱ्यांत शाबूत होता. कोंपऱ्यांवर त्यानें आधीं भोंकें पाडलीं, कारण कापतांना पत्रा कोंपऱ्याशीं फाटतो तो तेथें थांबावा. मग ग्राइंडरची चकती लाविली. ठिणग्यांचा वर्षाव झाला आणि एक आयत तुकडा खाली पडून वाजला. पुतण्या कडेला लावावयास रबरी पट्टी घेऊन आला होता. ती पाहून कारागीर म्हणाला, "हे कशाला?" आणि कांपाच्या आंत ठेवलेली दोन सुतांची जादा कड त्यानें पक्कडीनें व लांकडी हातोडीनें आंतल्या बाजूस दुमडून टाकली. धार गेली, आणि पातळ पत्र्याला बळकटीहि आली. पंख्यांच्या स्क्रूंचीं भोंकें मात्र पुतण्यानें स्वतः आंखून दिलीं: १२० मिलिमीटरांच्या पंख्याचीं भोंकें एकमेकांपासून १०५ मिलिमीटरांवर असतात, आणि त्यांत एक मिलिमीटराचा फरक पडला तरी दुसऱ्या पंख्याला जागा राहत नाहीं. मजुरी विचारली तेव्हां कारागीर शंभराची नोटसुद्धां घेईना. शेवटीं वहिनींनीं दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा त्यानें घेतला.

आतां पाण्याविषयीं. सूनबाईंनीं विचारलें, "कूलरचेंच पाणी कां नाहीं सोडायचें? तें तर गारच असतें." प्रश्न मार्मिक होता. वाळ्याच्या ताट्यांवरून जाणारी कोरडी हवा पाणी उडवून नेते आणि उडतांना पाणी उष्णता घेऊन जातें. म्हणून मे महिन्यांत बाहेर ४४ अंश असतांना कूलरची हवा व कूलरचें पाणी हीं दोन्हीं खोलीहून पुष्कळ थंड असतात. संगणकांतलें पाणी बंद नळींत फिरतें. तें उडत नाहीं, म्हणून तें खोलीच्या हवेहून थंड कधींच होऊं शकत नाहीं. परंतु कूलरच्या टाकींत धूळ, क्षार आणि शेवाळ यांचें राज्य असतें. ताट्यांवर उन्हाळ्याच्या अखेरीस जो पांढरा खडू बसतो, तो संगणकांत बसला तर? तांब्याच्या ठोकळ्याच्या पोटांत अर्ध्या मिलिमीटराहून अरुंद अशा फटी असतात. पाणी त्यांतूनच जावयाचें. शिवाय पावसाळ्यांत, हवा दमट असतांना, खोलीहून पुष्कळ थंड पाणी आंत सोडलें तर गार ठोकळ्यावर दंव जमेल आणि तें पट्टिकेवर ठिबकेल. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यांत शेवाळ व गंज यांना प्रतिबंध करणारें औषध, असा बेत ठरला.

आणखी एक पथ्य पुतण्यानें फार कसोशीनें पाळलें. ठोकळे तांब्याचे, रेडिएटर तांब्यापितळेचे. अॅल्युमिनियमचा एकहि अवयव पाण्याला लागूं द्यावयाचा नाहीं. दोन निरनिराळे धातु एकाच पाण्यांत बुडाले म्हणजे त्यांचा विजेचा घट बनतो आणि त्यांतला दुबळा धातु झिजतो. येथें दुबळा अॅल्युमिनियम. मुंबईहून आलेल्या पार्सलांत एका विक्रेत्यानें तांब्याच्या म्हणून पाठविलेला रेडिएटर वजनाला फारच हलका लागला. चुंबक दोन्हीं धातूंना लागत नाहीं, म्हणून त्याचा उपयोग नव्हता. आंतल्या कडेचा रंग कानशीनें खरवडून पाहिला तों खाली पांढरा धातु. तो परत गेला आणि काम पंधरा दिवस लांबलें.

जोडणीच्या दिवशीं घरांत शस्त्रक्रियेसारखी शांतता होती. कार्डाचे मूळचे पंखे व पत्रे काढले कीं विक्रेत्याची हमी संपली. पुढें जें होईल तें आपल्या पदरचें. त्या कार्डावर घराच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अवलंबून होता, हें कोणी बोललें नाहीं. पुतण्यानें जुना वाळलेला लेप स्पिरिटानें पुसून काढला. नवा राखी रंगाचा लेप, सहाणेवरच्या गंधाएवढा, त्या तिकिटाएवढ्या तुकड्यावर ठेविला. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीहि घोटले तरी त्यांत सूक्ष्म खळगे राहतात आणि खळग्यांत हवा राहते. हवा उष्णतेची वाट अडविते, म्हणून हा लेप. त्यावर तांब्याचा ठोकळा बसविला आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनें थोडथोडे आवळले. रेडिएटरच्या स्क्रूंची लांबी त्यानें दोनदां मोजली, कारण दोन मिलिमीटर जास्त लांब स्क्रू पत्र्यांतून पार होऊन पाण्याची नळी फोडतो. टाकींतून पंप, पंपांतून प्रोसेसर, तेथून कार्ड, मग दोन्हीं रेडिएटर आणि परत टाकी, असा मार्ग ठरला. आम्हांस वाटे कीं, क्रम चुकला तर शेवटल्या अवयवास तापलेलें पाणी मिळेल. पण पाणी एका फेऱ्यांत दोन-अडीच अंशच तापतें हें आम्हींच पाटीवर मांडलें असल्यामुळें तो वाद तेथेंच मिटला.

यानंतर खरी परीक्षा. वीजपुरवठ्याच्या मोठ्या जोडांतील हिरवी तार काळीशीं जोडली म्हणजे बाकीचें यंत्र निर्जीव ठेवून एकटा पंप चालवितां येतो. तसा तो चोवीस तास चालवावयाचा, प्रत्येक जोडाखालीं पांढरा टिपकागद ठेवावयाचा, आणि कागद ओला होतो कीं काय तें पाहावयाचें. पाणी भरलें; पंप सुरू झाला; नळ्यांतून बुडबुडे धांवूं लागले. पुतण्या दोन रात्रींचा जागा होता. पहिला पहारा आम्हीं घेतला, दुसरा सूनबाई घेणार होत्या. बाराच्या सुमारास वहिनी काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघेंहि निजा. मला झोंप येत नाहींच, मी बसतें." आम्ही नको म्हणत असतां त्यांनीं खुर्ची ओढून घेतली, चष्मा लाविला, आणि हातांत जपमाळ घेऊन त्या यंत्रासमोर बसल्या.

पहांटे साडेतीनला त्यांनीं आम्हांस उठविलें. कार्डाच्या खालच्या जोडाशीं ठेवलेल्या कागदाचा कोंपरा तांदळाच्या दाण्याएवढा ओला झाला होता. आम्हांला तो बत्तीच्या उजेडांतहि दिसेना. वहिनींनीं बोट ठेवून दाखविला. जोड उघडून पाहिला तों आंतील रबरी कडें बसवितांना मुडपलें गेलेलें. दुसरें कडें घातलें, पाणी पुन्हां भरलें, आणि चोवीस तास पुन्हां पहिल्यापासून मोजले. ती गळती संगणकांत वीज असतांना झाली असती तर काय झालें असतें याची चर्चा करण्याचें कोणालाहि धैर्य झालें नाहीं. पुतण्यानें आईच्या पायांवर डोकें ठेविलें, वहिनी म्हणाल्या, "अरे, कागद कोरडा आहे कीं नाहीं तें बघ आधीं."

यंत्र चालूं झालें आणि पंख्यांचा आवाज खरोखरच गेला. सहाहि पंखे इतके सावकाश फिरत होते कीं, त्यांचीं पातीं मोजतां येतील असें वाटे. परंतु फळ्यांच्या पलीकडून दुसऱ्या दिवशीं सकाळीं निकाल आला तो निराळाच. "पाखडणारी गेली," वहिनी म्हणाल्या, "पण आतां भुंगा आला आहे. आणि कोणी तरी गुडगुडी ओढतो आहे." गुडगुडी म्हणजे पाण्यांत राहिलेली हवा. पेटी पुढें-मागें कलती करून, हळूहळू हालवून, तीन दिवसांत ती हवा टाकींत आणून सोडली. भुंगा मात्र पंपाचा होता. पंप पत्र्याला घट्ट आवळलेला. पत्रा भुईवर, आणि भूमीच्या फरशीवरून कंप थेट फळ्यांच्या पायथ्याशीं जात होता. मोठा आवाज असेपर्यंत हा लहान आवाज कोणाला ऐकूं आला नव्हता. पंपाखालीं जाड स्पंजचा तुकडा दिला, पंपाची गति थोडी उतरविली, आणि पेटीखालीं जुन्या गादीची घडी घातली. तिसऱ्या रात्रीं वहिनी साडेपांचपर्यंत निजल्या. सकाळीं उशीर झाला म्हणून त्या स्वतःवरच रागावल्या.

नागपुरांत कोणत्याहि थंडाव्याची परीक्षा पौषांत होत नाहीं. जानेवारींत खोली २२ अंशांवर असतांना पाणी ३३ अंशांच्या वर जात नसे. मे महिन्यांत एका संध्याकाळीं खोलींतील तपमान ३९ झालें आणि पाणी ५१ ला पोंचलें. म्हणजे खोली आणि पाणी यांतलें अंतर बहुतेक तेवढेंच राहिलें, फक्त सबंध जिना वर सरकला. पंपाला साठ अंशांपर्यंतचें पाणी सोसतें. पंखे थोडे वेगानें फिरले, तरी वहिनींच्या ध्यानांत आलें नाहीं, कारण त्या दिवसांत कूलरच रात्रभर घोंगावतो. तर्कशास्त्राच्या ग्रंथांत पाण्याचा स्पर्श स्वभावतः शीत सांगितला असून गरम पाण्यांतील उष्णता ही तेजाच्या संयोगानें आलेली पाहुणी होय, असें मानलें आहे. हातांत ती नळी धरून पाहिली तेव्हां हा पाहुणा किती वेळ बसणार, एवढाच प्रश्न आमच्या मनांत आला.

खोलीविषयीं विचारतील त्यांस सांगतों कीं, ती फाल्गुनांतच दुसऱ्या कोणी तरी भाड्यानें घेतली. पुतण्यानें तिचा विषय काढला नाहीं आणि घरांतल्या कोणीहि पुसला नाहीं. सूनबाईंचा आवाज स्वयंपाकघरांतून पूर्ववत् ऐकूं येतो.

दसऱ्यानंतर पाणी बदलावयाचें आहे. तें वर्षांतून एकदां बदलावें लागतें. पुतण्यानें शुद्ध पाण्याचे दोन डबे आतांच आणून माजघराच्या कोनाड्यांत ठेविले आहेत, आणि वहिनींनीं प्रत्येकावर आपल्या अक्षरांत चिठ्ठी चिकटविली आहे: "हें पिण्याचें नव्हे."